पॅच म्हणजे दावा: ओपन सोर्समध्ये बदल पाठवण्याच्या पद्धतीची एक तपासणी

"ओपन सोर्समध्ये काँट्रिब्यूट कर, सीव्हीला वजन येतं." एमएस्सी करणाऱ्या किंवा पेटची तयारी करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा सल्ला कुणीतरी दिलेला असतो. सल्ला वाईट नाही, पण अर्धवट आहे. पाठवलेल्या बदलाचं पुढे काय होतं, तो कोण वाचतं, कशावरून नाकारतं, हे सहसा कुणी सांगत नाही.

म्हणून या वेळी मी ती पद्धतच तपासायला घेतलीय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी ही पद्धत म्हणजे आज फुकटात मिळणारी एक उत्तम शाळा आहे, कारण इथे दावा कसा मांडायचा आणि तो कसा तपासला जातो, हे उघड्यावर बघायला मिळतं. पण आपण तिच्याकडे सर्टिफिकेटं गोळा करायची जागा म्हणून बघतो. त्यात आपलं नुकसान होतंच, त्या प्रकल्पांचंही होतं.

आधी पद्धत समजून घेऊ

ओपन सोर्स प्रकल्पाचा कोड सगळ्यांना वाचता येतो, पण मूळ प्रतीत बदल करायचा हक्क मोजक्या लोकांकडे असतो. त्यांना मेंटेनर म्हणतात. तुम्ही आपली प्रत काढता, तिच्यात बदल करता, त्या बदलासोबत एक छोटं टिपण लिहिता (त्याला कमिट मेसेज म्हणतात) आणि "हे मूळ प्रतीत घ्या" अशी विनंती पाठवता. गिटहबवर या विनंतीला पुल रिक्वेस्ट म्हणतात. लिनक्स कर्नलसारख्या जुन्या प्रकल्पात तीच गोष्ट ईमेलने पॅच पाठवून करतात. मग मेंटेनर आणि इतर जाणकार तो बदल ओळ न् ओळ वाचतात, शंका काढतात, सुधारायला सांगतात. पटलं तर घेतात, नाही पटलं तर परत करतात.

जवळचं उदाहरण मुंबईचं. ईआरपीनेक्स्ट हे कंपन्यांचे हिशेब, साठा, खरेदी-विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर तिथल्या फ्रॅपे या कंपनीने बनवलं आणि त्याचा कोड जीपीएल परवान्याखाली खुला ठेवला. तिथे बदल पाठवायचा तर विनंतीच्या शीर्षकातच सांगावं लागतं की ही दुरुस्ती आहे की नवी सोय. नवी सोय असेल तर तिची माहितीपुस्तिका लिहून तिची लिंक द्यावी लागते. लिंक नसेल तर पुस्तिकेची गरज नाही असं स्पष्ट लिहावं लागतं. हे न केल्यास माणसाने बघण्याआधीच स्वयंचलित तपासणी तुम्हाला अडवते. बदल आधी 'डेव्हलप' नावाच्या शाखेत जातो. लोक रोज वापरत असलेल्या आवृत्तीत तो हवा असेल तर नंतर वेगळा नेला जातो.

पहिल्यांदा बघणाऱ्याला हे सगळं सरकारी कचेरीसारखं वाटतं. एक ओळ बदलायची तर एवढे सोपस्कार कशाला? पण प्रत्येक अटीमागे एक प्रश्न आहे: हा बदल काय करतो, कुणासाठी करतो, आणि उद्या तो मोडला तर पुढच्या माणसाला तो का केला होता हे कसं कळणार? शोधप्रबंधाच्या आराखड्यावर मार्गदर्शक हेच प्रश्न विचारतात.

नियमावली वाचा, ती संशोधनाचीच आहे

लिनक्स कर्नलसोबत 'पॅच कसा पाठवावा' याची एक लांबलचक नियमावली येते. संशोधनपद्धती शिकवणाऱ्या कितीतरी पुस्तकांपेक्षा मला ती जास्त उपयोगी वाटते. तिचं सांगणं थोडक्यात असं आहे.

आधी अडचण सांगा, उपाय नंतर. अडचण खरी आहे आणि तिचा कुणाला त्रास होतो, हे वाचणाऱ्याला पटलं पाहिजे. बदलाने वेग वाढतो असं म्हणत असाल तर आकडे द्या, आणि त्या बदल्यात काय गमावलं तेही सांगा. एका पॅचमध्ये एकच मुद्दा ठेवा. जुनी चूक दुरुस्त करत असाल तर ती ज्या कमिटमध्ये शिरली त्याचा क्रमांक द्या. शंका आल्या तर प्रत्येकीला उत्तर द्या. सुधारून पाठवताना आवृत्ती क्रमांक टाका आणि मागच्या वेळेपेक्षा काय बदललं ते लिहा. उत्तर आलं नाही तर किमान एक आठवडा थांबा, मगच आठवण करा.

आता 'पॅच' या शब्दाच्या जागी 'शोधनिबंध' घालून हा परिच्छेद पुन्हा वाचा. फारसं काही बदलावं लागत नाही.

आणखी एक अट आहे. प्रत्येक पॅचखाली पाठवणाऱ्याची 'साइन्ड ऑफ बाय' अशी ओळ लागते. एससीओ या कंपनीने कर्नलमधल्या कोडच्या मालकीवरून २००३ मध्ये खटला भरला, त्यानंतर २००४ मध्ये ही पद्धत आली. या ओळीचा अर्थ असा, की हा कोड देण्याचा हक्क मला आहे आणि मी तो जबाबदारीने देतोय. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचे टक्के बघण्यापेक्षा ही पद्धत मला प्रामाणिक वाटते. ती टक्के मागत नाही, तुमचा शब्द मागते आणि तो कायमचा नोंदवून ठेवते.

जर्नलच्या पीअर रिव्ह्यूपेक्षा एक फरक मात्र मोठा आहे. जर्नलमध्ये परीक्षकांचे शेरे सहसा लेखक आणि संपादकांपुरतेच राहतात. नाकारलेला निबंध का नाकारला, ते तिसऱ्याला कळत नाही. इथे नाकारलेली विनंतीही कारणांसकट सगळ्यांसमोर राहते. ज्याने अजून एकही निबंध लिहिला नाही, अशा विद्यार्थ्यासाठी याहून मोठा खजिना नाही. चांगला दावा कसा दिसतो हे कुणीही दाखवेल. फसलेला दावा नेमका कुठे फसला, हे असं क्वचितच बघायला मिळतं.

एक मराठी उदाहरण: वऱ्हाड

हे नुसतं तत्त्वज्ञान राहू नये म्हणून आपल्याच भाषेतली एक अडचण घेऊ.

'वऱ्हाड' या शब्दात 'ह'ला जोडलेला अर्धा र रफार नाही, ती आडवी रेघ आहे. या फरकाने मराठीत अर्थ बदलतो: 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. युनिकोडमध्ये हा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त लावायचा. दुसरी, साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या अक्षरमाळा आहेत. साध्या तुलनेत एका तऱ्हेने लिहिलेला 'वऱ्हाड' शोधला तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेला सापडत नाही. गावांच्या, वनस्पतींच्या किंवा लोकांच्या दोन याद्या एकत्र जोडताना काही नोंदी गुपचूप गळतात, आणि कुठलाही एरर मेसेज येत नाही.

समजा, मराठी मजकूर शोधणाऱ्या एखाद्या खुल्या साधनात तुम्हाला हा दोष दिसला. तुम्ही दुरुस्ती केली आणि टिपण लिहिलं:

"मराठीचा बग फिक्स केला."

हे टिपण वाचून मेंटेनरला काय कळणार? तो कदाचित जर्मनीत बसलाय, त्याला देवनागरी येत नाही. त्याच्या दृष्टीने एका अनोळखी माणसाने कारण न देता कोड बदललाय. तो विनंती परत करेल, आणि तेच बरोबर असेल.

आता हेच असं लिहून बघा:

"शोध: अर्ध्या र-ची दोन रूपं एकच माना. मराठीत हा र दोन अक्षरमाळांनी लिहिला जातो आणि दोन्ही सारख्याच दिसतात. सध्या एक रूप शोधल्यावर दुसरं सापडत नाही. या बदलात तुलनेपुरती दोन्ही रूपं एका रूपात आणली आहेत, साठवलेला मजकूर बदललेला नाही. रफार मात्र वेगळाच राहतो, कारण 'दर्या' आणि 'दऱ्या' हे वेगळे शब्द आहेत. तिन्ही प्रसंगांच्या चाचण्या जोडल्या आहेत."

या टिपणात अडचण आहे, उपाय आहे, उपायाची मर्यादा आहे. 'रफारही एकत्र केला तर काय बिघडतं?' ही मेंटेनरच्या मनात येऊ शकणारी शंका आधीच फेडली आहे. आणि देवनागरी न येणाऱ्या माणसालाही पडताळता याव्यात म्हणून चाचण्या आहेत. हा दावा शोधून काढायला सुपरकॉम्प्युटर लागत नाही. मराठी वाचणारे डोळे लागतात, आणि ते पोंभुर्ण्यातल्या विद्यार्थ्याकडे आहेत.

असा मराठीसाठीचा खुला पायाही आधीच घातलेला आहे. आयआयटी मुंबईचा 'शोभिका' हा देवनागरी फाँट खुल्या परवान्याखाली आहे, आणि तो राज्य मराठी विकास संस्थेच्या 'यशोमुद्रा' या खुल्या फाँटवरून पुढे नेलेला आहे. एकाने खुलं ठेवलं म्हणून दुसऱ्याला तिथून पुढे जाता आलं.

मोजणी सुरू झाली की दावा संपतो

आता तक्रारीकडे येते.

डिजिटलओशन ही कंपनी दर ऑक्टोबरला 'हॅक्टोबरफेस्ट' भरवते. २०२० मध्ये अट होती चार पुल रिक्वेस्ट, बक्षीस होतं टी-शर्ट. झालं काय, तर माहितीपत्रकात एखादा निरर्थक शब्द घुसडणाऱ्या विनंत्यांचा पूर आला. मेंटेनर वैतागले, आणि स्पर्धा सुरू असतानाच आयोजकांना नियम बदलून फक्त स्वतःहून सहभागी होणाऱ्या प्रकल्पांतल्या विनंत्या मोजायचं ठरवावं लागलं. २०२३ मध्ये टी-शर्टही बंद झाले.

२०२४च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्टमधल्या प्रसिद्ध प्रकल्पावर तीच पाळी आली. एका ट्यूटोरियलमध्ये पुल रिक्वेस्ट कशी करायची हे दाखवायला तो प्रकल्प वापरला होता. बघणाऱ्या विद्यार्थ्यांनी तसंच करत माहितीपत्रकात आपलं नाव टाकायच्या विनंत्या पाठवल्या. त्यात आपल्या देशातले विद्यार्थी बरेच होते. त्यांना दोष देऊन भागणार नाही. बटण कुठे आहे हे त्यांना शिकवलं गेलं, बटण दाबल्यावर पलीकडे एक माणूस ते वाचायला बसतो हे नाही.

आता यंत्राने लिहिलेल्या मजकुराची भर पडलीय. कर्ल या प्रकल्पाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून जाहीरपणे सांगतायत की, एआयने लिहिलेले सुरक्षादोषांचे खोटे अहवाल तपासण्यात त्यांच्या चमूचा वेळ जातो. लिहायला दोन मिनिटं आणि खोटं आहे हे सिद्ध करायला दोन तास, असा हा व्यवहार आहे.

या तिन्हींत एकच रोग आहे: दाव्याऐवजी संख्या मोजली गेली. संशोधनातही हा रोग आपल्याला नवा नाही. निबंधांची संख्या मोजायला लागलो तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं उगवलीच की.

यावर आपल्याकडचं एक उत्तर म्हणजे आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प. त्यांच्या 'टेक्स्टबुक कंपॅनियन' उपक्रमात विद्यार्थी एखादं प्रमाण पाठ्यपुस्तक निवडतो, त्यातल्या सोडवलेल्या उदाहरणांचा सायलॅबसारख्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहितो, परीक्षक तो तपासतात, आणि काम पूर्ण झालं की मानधन आणि प्रमाणपत्र मिळतं. अशी शेकडो पुस्तकं तयार झाली आहेत. यातली मोठी गोष्ट म्हणजे उंबरठा ओळखीचा आहे: पुस्तक तुमचंच, उत्तर छापलेलं, त्यामुळे कोड बरोबर की चूक हे स्वतःलाच पडताळता येतं. लहान गावातल्या कॉलेजच्या मुलासाठी ही सुरुवात उत्तम आहे, आणि प्रमाणपत्र असूनही इथे कचरा साचत नाही, कारण मध्ये तपासणारा माणूस आहे.

पण मर्यादाही बघा. उत्तर आधीच छापलेलं असल्यामुळे इथे नवा दावा करावा लागत नाही. पुस्तक संपलं की काम संपतं. अनोळखी माणसाशी वाद घालून आपला बदल पटवून द्यायचा, पाच वर्षांनी तो मोडला तर उत्तर द्यायचं, हे इथे घडत नाही. म्हणून याला मी पहिली पायरी म्हणेन. या पायरीवरच घर बांधू नका.

पलीकडे माणूस आहे: मिनेसोटाचं प्रकरण

संशोधन करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचावं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांना दाखवायचं होतं की, कर्नलमध्ये जाणूनबुजून दोष घुसवता येतो. त्यांनी वेगळ्या नावांनी सदोष पॅच पाठवले आणि मेंटेनरांना ते कळतं का, ते बघितलं. मेंटेनरांना काहीच सांगितलं नव्हतं. हा माणसांवरचा प्रयोग नाही, असं मानून नीतिसमितीकडून सूटही मिळाली होती. निबंध मोठ्या परिषदेत स्वीकारला गेला. एप्रिल २०२१ मध्ये त्याच विद्यापीठातून आणखी संशयास्पद पॅच आले तेव्हा ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाचे पॅच घेणंच थांबवलं. जुने बदलही पुन्हा तपासायला काढले. निबंध मागे घ्यावा लागला.

प्रश्न महत्त्वाचा होता, हे मान्य. तरी तीन वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, एक्सझेड या प्रकल्पात लपवलेला चोरदरवाजा सापडला तेव्हा तो प्रश्न खराच होता हे दिसलं. तिथे एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोनेक वर्षं नीट काम करून एकट्याने राबणाऱ्या मेंटेनरचा विश्वास मिळवला होता. पण प्रश्न खरा आहे म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही. ज्यांचा वेळ आणि विश्वास वापरला, त्यांची संमती घ्यायला हवी होती. पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स'चा दोन क्रेडिटचा पेपर असतो. त्यात नुसत्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे एक प्रकरण वर्गात दोन तास भांडून वाचलं, तर जास्त शिकायला मिळेल असं मला वाटतं.

पद्धतीचेही दोष आहेत

एवढं कौतुक केलं म्हणून ही पद्धत निर्दोष आहे असं समजू नका.

पहिला दोष मौनाचा. चांगल्या विनंत्याही महिनोन्महिने उत्तराविना पडून राहतात. मेंटेनर बऱ्याचदा बिनपगारी असतो, हे कारण खरं आहे. तरी नवख्या माणसाला 'नको' आणि 'वेळ नाही' यांतला फरक कळत नाही, आणि तो परत येत नाही.

दुसरा भाषेचा. वाद इंग्रजीत होतो. ज्याचं इंग्रजी बोलण्यापुरतं आहे त्याचा दावा कितीही पक्का असला तरी मांडणीत हरतो. वर दिलेलं वऱ्हाडचं टिपणसुद्धा शेवटी इंग्रजीतच पाठवावं लागणार, हे मी लपवत नाही.

तिसरा वागण्याचा. कर्नलच्या जगात अपमानास्पद भाषा वर्षानुवर्षं चालवून घेतली गेली. २०१८ मध्ये लिनस तोरवाल्ड्स यांनी स्वतः आपल्या वागण्याबद्दल माफी मागून काही काळ काम थांबवलं, आणि तेव्हाच प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. कठोर तपासणी आणि उद्धट तपासणी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य करायला एवढी वर्षं लागली.

मग आपण काय करायचं?

पोंभुर्णा, गोंडपिपरी, मूल, सिरोंचा, कुठेही असा, नेट आणि लाइटचं रडगाणं आपल्याला ठाऊक आहे. गिटची गंमत अशी की ते याच कामाला सोयीचं आहे. २००५ मध्ये ते बनलं तेच अशा रचनेने, की प्रकल्पाचा सगळा इतिहास तुमच्या संगणकावर येतो. चंद्रपूर किंवा गडचिरोलीला चांगलं नेट मिळालं की एकदा क्लोन करून आणा. मग टॉवर गेला तरी प्रत्येक कमिट आणि त्यामागचं कारण घरी बसून वाचता येतं.

महिनाभर फक्त वाचा. तुमच्या विषयात जे खुलं साधन तुम्ही खरंच वापरता, तेच घ्या: क्यूजीआयएस असो, आरचं एखादं पॅकेज असो. दहा घेतलेल्या आणि दहा नाकारलेल्या विनंत्या काढा. प्रत्येकीसाठी वहीत तीन ओळी लिहा: दावा काय होता, पुरावा काय दिला, शंका काय आली. नाकारलेल्यांची कारणं शेजारी-शेजारी मांडली की तुम्हाला तेच तेच दोष पुन्हा दिसायला लागतील.

नंतर पहिली गोष्ट पाठवा ती कोडची नको, दोषाच्या नोंदीची पाठवा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि दुसऱ्याला ते पुन्हा कसं घडवून बघता येईल. ही नोंद नीट जमली तर पॅच जमायला वेळ लागत नाही. पुढे संशोधनासाठी स्वतःचं साधन बनवलंत, तर 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर' हे २०१६ पासूनचं नियतकालिक त्याचं परीक्षण गिटहबवर उघडपणे करतं. तिथली जुनी परीक्षणं आजही वाचता येतात.

आणि पाठवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: या बदलावर माझं नाव कुठेच दिसणार नसतं, तरी मी तो पाठवला असता का? उत्तर 'हो' असेल तर तुमच्याकडे दावा आहे. खुशाल पाठवा, आणि परत आला तर कारण वाचून दुसरी आवृत्ती तयार करा.